रिकामी परत आलेली फ्लॉपी

जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती आणि मी डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या फॅक्टरीत पुढच्या आठवड्याच्या शिफ्टचा तक्ता छापत होते. ऑपरेटरने फोन जोडून दिला. पलीकडे जाधव सर. सर फोनवर कधी घाई करत नाहीत. आधी तब्येत, मग मुलांचा अभ्यास, मग काम. त्या दिवशी नमस्कारसुद्धा केला नाही. "मेधाताई, हरेश गेला हो... खोपटच्या स्टँडवर. बसच्या रांगेत उभा होता, तिथेच कोसळला." मी म्हटलं, "काहीतरी काय बोलताय सर! परवाच तर बोलले मी त्याच्याशी. शनिवारी यायचंय त्याला." मग फोन ठेवला आणि उरलेला तक्ता छापला. कागद फाडला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट सोडवल्या, तक्ता गेटवर पाठवून दिला. सगळं झाल्यावर मग खुर्चीत बसले. एक्केचाळीस वर्षांचा माणूस! ना बीपी, ना साखर, ना विडी-सिगरेट. हातातल्या पिशवीत म्हणे आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्या होत्या आणि ग्राफपेपरची गुंडाळी. आज सहा आठवडे झाले. अजून फोन वाजला की, गंमत बघा, पहिल्या क्षणी वाटतं तोच असेल.

हरेश नाखवा हे नाव तुम्ही ऐकलं असण्याचं काही कारण नाही. पण ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कुठल्या छोट्या ऑफिसात, शाळेत किंवा सोसायटीत दहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर छापलेली मराठी नोटीस वाचली असेल, तर त्यातली अक्षरं बहुतेक त्याच्या हातची असतील. तो ठाण्याच्या कोळीवाड्यातला. वडील खाडीत मासे मारायचे, ते लवकर गेले. आईने बाजारात बसून त्याला शिकवलं. माजिवड्याकडच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता, यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायचा. कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि साहेब लोक त्याला हात लावायला घाबरले, म्हणून तो हरेशच्या टेबलाशेजारी येऊन पडला. पुढचं त्याने स्वतःच शिकून घेतलं.

आमची ओळख झाली ती डोंबिवलीत, जाधव सरांच्या टायपिंग क्लासमध्ये. सरांनी पुढच्या खोलीत टाइपरायटर ठेवले होते आणि मागच्या खोलीत, पडद्याआड, एक कॉम्प्युटर. ऐंशीचं दशक सरत आलेलं. रविवारी सकाळी क्लास बंद असायचा, तेव्हा आम्ही तिघं त्या मागच्या खोलीत बसायचो. सर, हरेश आणि मी. आमचं फ्लॉपी मंडळ. तेव्हाची फ्लॉपी म्हणजे वहीच्या अर्ध्या पानाएवढी काळी, लवलवती चकती. आपण लिहिलेला प्रोग्रॅम तिच्यावर घालायचा आणि दुसऱ्याला द्यायचा, त्याने तो बघायचा, सुधारायचा, आपल्याला द्यायचा. हळूहळू बाहेरचीही माणसं यायला लागली, कोणी शाळेतले शिक्षक, कोणी पतपेढीतले, रिकामी फ्लॉपी घेऊन यायची आणि भरून न्यायची.

हरेशची एक खोड होती. त्याला दिलेली फ्लॉपी त्याने कधी रिकामी परत केली नाही. शेजारणीने वाटीतून काही पाठवलं तर आपण तिची वाटी रिकामी परत करत नाही ना, चिमूटभर साखर तरी घालतो, तसं. मी त्याला कोरी फ्लॉपी उसनी द्यावी, तर परत येताना तिच्यावर काहीतरी असायचंच. एखादा छोटा प्रोग्रॅम, सुधारलेलं एखादं अक्षर, एकदा तर त्याच्या आईची सुकटीची चटणी कशी करायची ते, सहा ओळींत. "आमच्यात चालत नाही रिकामं देणं," म्हणायचा. मी म्हणायचे, "अरे, आमच्यातही नाही चालत, पण वाटीचं ठीक आहे, फ्लॉपीला कोण विचारतंय!" त्यावर नुसता हसायचा. दहा-अकरा वर्षांत फक्त एकदा त्याच्याकडून माझी फ्लॉपी रिकामी आली. त्याबद्दल पुढे सांगते, कारण तेच सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

त्याने मराठी छापायचा प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नाव 'डोल'. डोल म्हणजे खाडीत लावतात ते जाळं. त्या काळी ठिपके मारत करकर आवाज करणारे प्रिंटर होते, त्यांना मराठी कुठून येणार? हरेशने ग्राफपेपर घेतला आणि एकेक अक्षर चौकटी काळ्या करून काढलं. चौकटी मोजून, उभ्या चोवीस. वर्षभर हेच. जोडाक्षरांपाशी आला तेव्हा तर त्याचे डोळे सुजलेले असायचे. मी म्हटलं, "अरे, पुरे कर, 'ज्ञ' वाचून कोणाचं अडलंय?" तर म्हणाला, "माझ्या मावशीचं नाव ज्ञानी आहे. तिचं रेशनकार्ड कसं छापणार?" असा माणूस. त्याने डोल पहिल्यांदा चालवून दाखवला तेव्हा प्रिंटरमधून आईचं नाव आलं. जाधव सर, गंभीर माणूस, कधी आवाज चढवत नाहीत, ते चक्क टाळ्या वाजवायला लागले. मग आम्हीही.

डोल मागायला माणसं यायला लागली आणि एक प्रश्न उभा राहिला. द्यायचा, पण कुठल्या अटीवर? मंडळाची एक सुरुवातीची फ्लॉपी होती. नवा कोणी आला की त्याला तिची प्रत मिळायची. तिच्यात एक कोरी फाइल असायची आणि प्रत्येकाने आपला प्रोग्रॅम त्या फाइलपासून सुरू करायचा. तिच्या डोक्यावर चार ओळी घालायचं ठरलं, हा प्रोग्रॅम कोणी कसा वापरावा ते सांगणाऱ्या. जाधव सर म्हणाले, "नीट विचार करून लिहा. एकदा वर छापील काही असलं की माणूस ते कधी बदलत नाही. माझ्याकडे अर्ज टाइप करायला येतात ना, नमुन्यात 'आपला आज्ञाधारक' असलं की सगळेच आज्ञाधारक." म्हणजे त्या चार ओळी आमच्या एकट्यांच्या नव्हत्या, पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या माथी लागणार होत्या. हरेश म्हणाला, "रिक्षाला लायसन्स, बोटीला लायसन्स, आता आपल्या डोलला लायसन्स. घ्या!"

त्याच्या चार ओळी तयार होत्या. अजून तोंडपाठ आहेत मला. 'हे वापरा. हवं तसं बदला. दुसऱ्यालाही द्या. पण देताना तुम्ही केलेला बदल उघडा ठेवून द्या, डबा रिकामा परत करू नका.' उघडा म्हणजे काय, तर प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, माणसाला वाचता येतो तो. तो दिला तरच पुढचा माणूस दुरुस्ती करू शकतो. नुसता चालता प्रोग्रॅम दिला तर तो कुलूपबंद.

मी विरोध केला. चांगला कडाडून. म्हटलं, द्यायचं तर मोकळ्या हाताने द्या, अटी कसल्या घालता? तुझी जाळ्यातली मासळी तू कोणाला दिलीस तर तिचं कालवण कसं केलं ते येऊन सांग, असं म्हणतोस का? माझ्या ओळी अशा, 'हे कोणीही, कसंही वापरावं. कसलीही अट नाही. नाव ठेवायचीही सक्ती नाही.' मी उदारपणावर एवढं बोलले, एवढं बोलले, की मलाच माझं खरं वाटायला लागलं. बोलण्यात मी कोणाला ऐकत नाही हे आमच्या घरी विचारा. हरेश हळू बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "मेधा, मासळी खाल्ली की संपते गं. हे संपत नाही. हे पुढे जातं. मधल्यानं दार लावलं तर पुढच्याचं काय?" सर विचारात पडले. शेवटी म्हणाले, अटी घातल्या की लोक बिचकतात, ताईंचं बरोबर वाटतं. दोन विरुद्ध एक. हरेशने एक अक्षर वाद घातला नाही. स्वतः कीबोर्ड ओढून माझ्या ओळी त्या फाइलीत टाइप केल्या, खाली त्या रविवारची तारीख घातली. मग निघताना माझी उसनी नेलेली फ्लॉपी पिशवीतून काढून दिली. घरी येऊन बघते तर रिकामी. पुढच्या रविवारी मी चिडवलं, "काय रे, हरलास म्हणून रिकामी?" तो म्हणाला, "नाही गं. या खेपेला काही नव्हतं द्यायला." मी मनात म्हटलं, रुसलाय गडी.

आता खरं सांगते. दहा वर्षं कोणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. मी तेव्हा फॅक्टरीत तात्पुरती होते. कायम होण्यासाठी जिवाचं रान करत होते. कामगारांना शिफ्टचा तक्ता इंग्रजीत कळायचा नाही, रोज गेटवर भांडणं. मी हरेशचा डोल उचलला, माझ्या प्रोग्रॅमच्या पोटात घातला आणि मराठी तक्ता काढून साहेबांना दाखवला. साहेब खूश. "ही अक्षरं कोणी केली?" मी म्हटलं, मी. एवढंसं उत्तर, तोंडातून निघून गेलं... "यावर दुसऱ्या कुणाचा हक्क-बिक्क नाही ना?" नाही सर. म्हणून मला ती 'कसलीही अट नाही' ओळ हवी होती. हरेशच्या ओळी लागू झाल्या असत्या तर माझा प्रोग्रॅम उघडा करून द्यावा लागला असता आणि त्यातली अक्षरं कोणाची ते पहिल्या नजरेत कळलं असतं. मोकळा हात वगैरे सगळं नुसतं बोलण्यापुरतं होतं. महिन्याभरात मी कायम झाले. पेढे वाटले, पहिला पेढा हरेशला.

पुढे काय झालं ते होणारच होतं. कुठल्याशा धंदेवाल्याने डोल घेतला, त्याला रंगीत खोक्यात घातलं, त्यात चार सोयी वाढवल्या आणि प्रिंटरच्या तारेला लावायची एक चावी दिली; चावी नसेल तर प्रोग्रॅम चालायचा नाही. आमच्या ओळींप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं. कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीने ते खोकं घेतलं. बोटींची यादी, सभासदांची नावं, सगळं त्यात भरलं. मग सोसायटीत नवा प्रिंटर आला आणि सगळ्या वेलांट्या वरून कापल्या जायला लागल्या. हरेशला बोलावलं. त्या दिवशी मी त्याच्याकडे जेवायला गेलेले, म्हणून बरोबर गेले. आठ-दहा माणसं भोवती उभी, सगळी त्याच्या आळीतली. तो बराच वेळ बसला, खटपट केली, मग म्हणाला, "काका, हे आतून बंद आहे. मला उघडता येत नाही." त्याचा जुना डोल होता, पण नव्या खोक्यात भरलेली यादी त्याला वाचता येत नव्हती. एक म्हातारे म्हणाले, "अरं पन तूच बनवलंस ना? सगळ्या वाड्यात सांगत होतास." दुसरा कोणी हळूच म्हणाला, "नसंल बनवलं." हरेशचं तोंड एवढंसं झालं. अर्ध्या तासाचं काम होतं ते! स्वतःच्या हाताने चौकटी भरून काढलेली अक्षरं, आणि त्यांना त्याला हात लावता येत नव्हता. मी शेजारी उभी होते. मला बोलता आलं असतं की हो, यानेच बनवलंय, आणि हे बंद झालंय ते माझ्यामुळे. माझी जीभ, एरवी कात्रीसारखी चालणारी, टाळ्याला चिकटून बसली. घरी येताना तो एकच वाक्य बोलला, "आईला नको सांगू हं." त्यानंतर मी ठरवलं होतं की त्याला सगळं सांगायचं. पुढच्या रविवारी. मग त्याच्या पुढच्या. असं करता करता किती वर्षं गेली बघा.

तो मात्र कधी तुटला नाही. परवा-परवापर्यंत फोन करायचा. शेवटच्या फोनवर भलता उत्साहात होता. "अगं मेधा, आपलं ते भांडण आठवतं का? त्याला आता नाव आहे म्हणे. ओपन सोर्स! मासिकात वाचलं. जगभर लोक त्याच चार ओळींवरून भांडतायत." मग म्हणाला, "मी डोल परत लिहितोय. पहिल्यापासून, नवी अक्षरं. सोसायटीची यादी वाचता येईल असा. झालाच आहे, दोन-चार जोडाक्षरं राहिलीत. शनिवारी आणतो. वरच्या ओळींचं काय करायचं ते तिघं मिळून ठरवू." मी म्हटलं, "ये, आणि मलाही तुला काहीतरी सांगायचंय." "सांग की." "फोनवर नाही." ... आता या वाक्यासाठी मी स्वतःला किती शिव्या देते ते माझं मला माहीत.

तेराव्यानंतर मी आणि जाधव सर कोळीवाड्यात गेलो. हरेशची आई उंबऱ्यात बसली होती, रडून रडून आवाज बसलेला. मला बघून म्हणाली, "आलीस गो बाय. त्या दिवशी पन तो तुझंच नाव काढत व्हता, शनवारी मेधाकडं जायाचं हाय म्हनून." मला तिथेच भडभडून आलं. तिने आतून एक मोठा स्टीलचा डबा आणला, भाकऱ्या ठेवायचा. हरेश फ्लॉप्या त्यात ठेवायचा, खाडीची दमट हवा लागू नये म्हणून. "मना काय कळतंय यातलं. तुमच्या कामाचं हाय, न्या तुम्ही." आणि आम्ही निघालो तर तिने हाक मारून वर कागदात बांधलेले सुके बोंबील ठेवले. ज्या बाईचा एकुलता एक मुलगा तेरा दिवसांपूर्वी गेला, ती आम्हाला देताना डबा भरून देत होती. सर रस्त्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

जुन्या मोठ्या फ्लॉप्या चालतील असा कॉम्प्युटर आता फक्त सरांच्या मागच्या खोलीत आहे. रविवारी आम्ही दोघं तिथे बसलो. नवा डोल मिळाला. जवळजवळ पुरा. त्याच्या डोक्यावर कोणत्या ओळी असतील? मला वाटलं, निदान घरात लिहिलेल्या फाइलवर तरी त्याने स्वतःच्या मनाचं लिहिलं असेल. नाही. माझ्याच ओळी. 'कसलीही अट नाही.' तिघांनी ठरवलेलं, तिघांनी बदलेपर्यंत त्याने एकट्याने बदललं नव्हतं. मी सरांना म्हटलं, बाकीच्या बघू या. तळाशी एक फ्लॉपी होती, तिच्यावर त्याच्या ड्राफ्ट्समनच्या सरळ अक्षरात लिहिलेलं, 'मेधाला द्यायची'.

आत एकच फाइल. उघडली. माझा शिफ्टचा तक्ता! फॅक्टरीतला, मी मंडळात कधीही न दाखवलेला. माझी चूक मला तिथल्या तिथे कळली. ती उसनी फ्लॉपी हरेशला देण्याआधी मी तिच्यावरची फाइल पुसली होती. पण कॉम्प्युटरवर फाइल पुसली म्हणजे तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर जातं, मजकूर जागच्या जागी असतो. ते एक अक्षर सांगितलं की फाइल परत येते. हे मला माहीत होतं. मीच तर सगळ्यांना शिकवायचे! आणि घाईत विसरले. हरेशने ती परत आणली होती. गेलेल्या पहिल्या अक्षराच्या जागी त्याने इंग्रजी 'एम' घातला होता. माझ्या नावातला.

त्याने फाइलीत दुरुस्ती केली होती. माझ्या तक्त्यात रात्रपाळीच्या नावांवरचे रफार उडायचे, ते मला कधी जमलं नव्हतं; त्याने नीट केले होते. आणि डोक्यावर त्याच्या त्या चार ओळी होत्या. हे वापरा. हवं तसं बदला. डबा रिकामा परत करू नका. मी तारीख बघितली. मग मंडळाची सुरुवातीची फ्लॉपी लावून त्या रविवारची तारीख बघितली. पुन्हा पहिली बघितली. सर म्हणाले, "काय झालं ताई?" मी पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. त्याची दुरुस्ती त्या रविवारच्या तीन दिवस आधीची होती.

म्हणजे तो त्या सकाळी आला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. माझ्या तक्त्याच्या पोटात त्याची अक्षरं आहेत, मी कशासाठी कंठशोष करतेय, सगळं. एक फ्लॉपी टेबलावर ठेवली असती तर सरांसमोर माझं नाक कापलं गेलं असतं आणि मत त्याच्या बाजूने पडलं असतं. सोसायटीतला तो दिवस उगवलाच नसता. त्याने स्वतःच्या फ्लॉपीवर दुरुस्ती करून आणली होती, माझ्या हातात द्यायला. माझं बोलणं ऐकलं आणि ती पिशवीतच ठेवली, माझी उसनी फ्लॉपी तेवढी रिकामी परत दिली. मला लाज वाटू नये म्हणून... आणि मी त्याला चिडवलं, रुसलास म्हणून! मी कायम झाल्याचा पेढा त्याने माझ्या हातून खाल्ला, म्हणाला, "छान झालं गं." दहा वर्षं! अरे हरेश, एकदा तरी भांडायचंस रे माझ्याशी. एकदा तरी.

मी सरांना तिथेच सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मत मीही दिलं होतं, ताई. चला, परत घेऊ." दोघांची मतं झाली. तिसरं त्याच्या आईचं. आम्ही जाऊन तिला विचारलं, हरेशचं काम आता तुझं आहे, लोकांना द्यायचं तर कसं द्यायचं? तिला वाटलं आम्ही वेड लागल्यासारखं काय विचारतोय. "पोरानं पयलं काय लिवलं व्हतं?" मी चार ओळी म्हणून दाखवल्या. "मंग तेच लिवा. दुसरं कशाला?" आता सुरुवातीच्या फ्लॉपीत त्याच्या ओळी आहेत. नवा डोल सोसायटीत बसवला, वेलांट्या पुऱ्या येतात. आणि फॅक्टरीत साहेबांना मी जाऊन सांगितलं की ती अक्षरं माझी नव्हती. साहेब म्हणाले, आता काय त्याचं. खरंच, आता काय त्याचं.

तो स्टीलचा डबा आज माझ्या ओट्यावर आहे. बोंबलाचा वास जाईना म्हणून दोनदा घासला, मग वाटलं, राहू दे. परत करायचा आहे आणि रिकामा करायचा नाही. हा लेख मी नव्या डोलवर छापून काढलाय, त्याच्या अक्षरांत, त्याच्या चार ओळी वर घालून. तो डब्यात घातलाय. आईला वाचता येत नाही, तेव्हा मलाच समोर बसून वाचून दाखवावा लागेल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी साहेबांना 'मी' म्हटलं होतं त्या ओळीसकट. उद्या शनिवार आहे.